जुलैतलं खळं

— नाय, खाली नको बसू. उभाच राहा. चहा तर मुळीच विचारणार नाय मी. सर्वेश ना तू, नकाशाच्या ऑफिसातला? मग उघड तो नकाशा. हा मढ? बरं. समुद्र निळा, खाडी निळी, पलीकडे वर्सोवा, टोकाला किल्ला — किल्ल्याचं नाव लिहिलंय, शूटिंगच्या बंगल्यांची लिहिलीत, त्यांच्या पार्किंगचंपण — आणि आमचं बोंबील वाळवायचं खळं कुठाय? ही पांढरी जागा? 'रिकामी'? अरे, डोळे फुटले होते का तुझ्या साहेबाचे? मागे वळून बघ! एवढे बोंबील काय आभाळात वाळतायत? माझ्या आजेसासूने इथे काठ्या रोवल्या तेव्हा किल्ल्याकडे जायला धड रस्ता नव्हता. चर्चची घंटा आणि भरती-ओहोटी, यावर गाव चालायचं. हा इतिहास. लिही!

काय म्हणतोस? गावातल्याच बाईने सांगितलं, इथे काय नसतं? हो, सांगितलं. मथुराने. माझी जाऊ. अख्ख्या गावाला माहितीये — तिला विचारू नकोस, ती काय कबूल करणार! आता इथून बंगल्यांसाठी रस्ता काढणार म्हणे, म्हणून गेल्या हळदीला तिला कुणी बोलावलं नाय. बरं झालं! तुझा तो आधीचा साहेब आला भर जुलैत — जुलैत खळ्यावर काय असणार, डोंबल? होड्या वर ओढलेल्या, काठ्या सोडून ठेवलेल्या, नुसता चिखल. लाल छत्री, नवे बूट, आणि विचारतो कसा, मावशी, इथे काय असतं? सकाळीच आम्हा दोघींची जुंपलेली, डोकं तापलेलं, त्यात पायात काटा मोडलेला — म्हटलं, काय नाय इथे, जा बाबा —

म्हणजे ती म्हणाली. मथुरा.

असा काय बघतोस? रिकामं म्हणजे तेव्हा रिकामं! घरात मासळी नसली की आपण काय नाय म्हणतोच ना? म्हणून कोणी घर पुसून टाकतं का? मला काय ठाऊक, तो ते लिहून नेईल? मग रस्त्याची नोटीस लागली, सगळे ओरडायला लागले, कोण बोललं, कोण बोललं — माझ्या तोंडातून तिचं नाव निघालं. निघालं ते निघालं. आठ महिने झाले. ती समोर एकटीच काठ्यांवर बोंबील टाकते, आणि गावाला एक शब्द सांगत नाय. तिला माहितीये ना! त्या दिवशी ती माझ्या मागेच उभी होती.

काय? जिने सांगितलं तिनेच सही केली तर दुरुस्त होतं? दुसऱ्या कुणाची चालत नाय? आणि तो कागद मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागणार, नावासकट? वा रे तुमचं ऑफिस! बायकांना चव्हाट्यावर आणायला बरे तयार.

आण ते पेन. कागद धर घट्ट, वारा आहे. सही मी करते, वर नाव तू लिही नीट — कमल. मथुरा नाय, कमल. झालं? मग निघ आता. ती बघ टोपली घेऊन येतेय — निघ म्हणते ना!