नमुन्याचा पाहुणचार

यवतच्या जनावरांच्या दवाखान्यात शेजारी-शेजारी बसून दोघी बोलत होत्या. एकीच्या मांडीवर मलूल कुत्रं होतं.

"अनिता, काय झालं गं ह्याला?"

"ह्याच्या बिस्किटात शिसं असंल, तपासून घ्या म्हणलं डॉक्टर. काल लॅबचं सायेब नमुना न्यायला घरी आलं."

"मग?"

"मी कपाटातनं पुडा काढून ठिवला, आन् सासूबाईंनी च्यासंगं तीच बिस्किटं सायबाला दिली."

"अगं बया! खाल्ली?"

"लाजू नका म्हणत सगळा पुडा खाऊ घातला. मग सायेब म्हणतंय, आणा नमुना."

"तू सांगितलंस?"

"सांगावंच लागलं. थांब, फोन वाजला... हॅलो! व्हय सायेब, शेपूट हलवतंय. तुमचं कसं हाय?"