विषय : मशीन सुरू होताना पासवर्ड विचारणेबाबत

अहो, पण चुकलं काय श्रीमंतचं, ते तरी सांगा! अठ्ठ्याण्णव साल. भिंगारच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारा साधा माणूस. मशीनवर ती फुकटची लिनक्स सिस्टीम, आणि तुम्हाला सांगतो, मशीन सुरू होताना पोरांनी एक शब्द टाईप केला की पासवर्डबिसवर्ड काही नाही, थेट मालक! पोरांनी चाचणीची प्रश्नपत्रिका आधीच वाचून टाकली. प्राचार्य आबासाहेब कडाडले, "पुन्हा असं झालं तर बेलापूरच्या शाखेत बदली!" आता घर इथं, म्हातारे वडील इथं, बेलापूरला जाऊन हा करणार काय?

बसला बिचारा महिनाभर अन् लिहिली सिस्टीमच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती : पासवर्डशिवाय मशीन सुरूच व्हायचं नाही! सिस्टीम सांभाळणारी माणसं सातासमुद्रापार. दुरुस्ती कुणीही सुचवा म्हणतात, पटली तर जगभरच्या मशीनसाठी घेतात. श्रीमंत म्हणाला, अर्जाची एक रीत असते! मग काय... ईमेलवर "माननीय महोदय, सविनय सादर की...", खाली "आपला विश्वासू", आणि प्रत माहितीस्तव चाळीस जणांना, प्रत्येकाला वेगळी! चार दिवस उत्तर नाही. स्मरणपत्र क्रमांक एक. मग दोन. मग तीन! अहो, नगरच्या कचेरीत स्मरणपत्राशिवाय कागद हलतो का? रीत असते!

तिकडचा एक बाबा खवळला, "अरे, एकदाच पाठव, सगळ्यांना एकदम जाते त्या ईमेलच्या यादीवर पाठव, अख्खी फाईल नको, बदललेल्या ओळी तेवढ्या पाठव! आणि वीज जाऊन मशीन आपोआप सुरू झालं तर पासवर्ड कोण टाकणार? ज्याला हवा त्यानं लावावा, असं ठेव." श्रीमंतला वाटलं, साहेब अडवतोय, हमीपत्र हवं असणार! दिलं लगेच लिहून, "सदर पासवर्ड मी स्वतः जातीने हजर राहून टाकीन."

बाबानं कपाळाला हात लावला असेल. उत्तर एका ओळीचं, "तुझ्या मशीनवर तू खुशाल लाव."

लावला! आणि आपल्याकडची लाईट... दिवसातून सहादा जाते! आली की शिपाई गोरक्ष सायकलवरून दारात हजर, "सायेब, चला, मशीन इच्यारतंय!" जेवताना, अंघोळीला, मेहुणीच्या लग्नात अक्षता पडताना! पासवर्ड गोरक्षला सांगावा, तर हमीपत्रात "स्वतः" लिहिलेलं. श्रीमंत शब्दाचा पक्का.

शेवटी रडकुंडीला येऊन आबासाहेबांपुढं उभा, "साहेब, मला बेलापूरला पाठवा हो!" आबासाहेबांनी मान वर केली नाही, "तोंडी चालत नाही. टाईप करून अर्ज द्या. रीत असते."

आला लॅबमध्ये, मशीन लावलं, पासवर्ड टाकला, "सविनय सादर की" एवढं झालं... आणि गेली लाईट! उठलाच नाही बिचारा. म्हणाला, आली की पुन्हा मलाच यायचंय.