अर्धी दाढी आणि वेल्टरवेटची लढत

संध्याकाळच्या कीर्तनात बुवांना हार घालायचा मान रामरावांना मिळाला होता, म्हणून ते मंगरूळपीरला जमशेदच्या सलूनमध्ये दाढीला बसले. एक गाल झाला आणि जमशेदचा वस्तरा हवेतच थांबला. बाकावरच्या खालिदनं बॉक्सिंगमधल्या वेल्टरवेट गटाच्या लढतीचा विषय काढला होता.

"टेक्सासवाला जिंकन, जमशेदभाई. घुसून घुसून बरगड्या फोडते तो."

"घुसू दे ना. क्यूबावाला डावखुरा हाय. मांगं सरकते, अन् मंग असा देते..."

"वस्तरा सांभाळ बाप्पा," रामराव म्हणाले. "कीर्तन सुरू होईन."

"होते काका. पह्यले सांगा, कोन जिंकन?"

"मले त्यातलं काय समजते? पन जो बुवा पहिल्याच अभंगाले गळा फाडते, त्याचा आवाज आरतीपर्यंत बसते. सबुरीवालाच रंगवते."

"म्हंजे टेक्सासवाला दमन," खालिद म्हणाला. "पटलं काका. क्यूबावालाच जिंकन."

"काहून? मी आता टेक्सासवाला घेतो," जमशेद म्हणाला.

"आतापर्यंत त क्यूबा क्यूबा करून राह्यला होता."

"तू माह्याच बाजूनं आला ना. मंग भांडू कोनासंग?"

तेवढ्यात मंदिराच्या भोंग्यावर 'जय जय रामकृष्ण हरी' सुरू झालं. रामरावांनी गळ्यातलं फडकं सोडलं आणि हार उचलला.

"काका, कुठं चालले? अर्धी राह्यली."

"राहू दे. बुवांले सांगतो, पूर्वरंग झाला, उत्तररंग उद्या."