राहतं घर कुठलं म्हणायचं

— नाही गं पोरी, शेगडीची ओळ खोडू नकोस, थांब जरा! हा रेनो कांगस ग्रंथालयात तुझ्याकडून कराचा फॉर्म भरून घ्यायला आलाय, सरकारला फसवायला नाही. लाकडावर चालणारी नवी शेगडी घेतली, कमी लाकडात जास्त ऊब देणारी, सरकारमान्य — पावती तुझ्यापुढे आहे. ऊब टिकावी म्हणून भिंतीत काचलोकर ठासली, आठवडाभर अंग खाजवत होतो. अशा कामांना करात सवलत आहे ना? आहे. मग? — कुठे बसवली म्हणजे? घरीच. म्हणजे... घरामागच्या सॉनात, वाफेच्या न्हाणीत. अशी बघू नकोस! तूही फिनलंडहून आलेल्या माणसांचीच ना? आपल्या म्हाताऱ्यांनी मिशिगनात येऊन आधी काय बांधलं? सॉना. घर मागाहून! — काय? राहत्या घरालाच सवलत? अगं, मग मी राहतो कुठे? सॉनातच राहतो! नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचे दिवस आले तेव्हापासून तिथेच तर आहे, फळीवर झोपतो, शेगडीवर सॉसेज भाजतो...

बोलून बसलो वाटतं. हळू, रांगेत मागची बाई आमच्या चर्चमधली आहे. बरं, आता ऐकच. एल्माला, म्हणजे बायकोला, झोपायच्या खोलीच्या खिडक्या बदलून हव्या होत्या — काचेला आतून बर्फ धरतं म्हणे. धरतं, खरंय. मी म्हटलं, आधी सॉना. ती म्हणाली, मग राहा तिथेच, भाजून घे स्वतःला! मीही हट्टी, म्हटलं, राहतो! तेव्हापासून ती बोलत नाही, मीही बोलत नाही. शनिवारी मात्र टॉवेल घेऊन येते — येते तर! शनिवारचा सॉना कोण चुकवतं? शेजारी बसते, शेगडीच्या तापल्या दगडांवर पाणी ओतते, माझी पाठसुद्धा घासून देते, पण तोंडातून चकार शब्द नाही. जाताना दार असं आपटते की धुराडं हलतं.

— काय म्हणालीस? सॉना हेच राहतं घर, असं लिहायचं? आणि खाली एल्माची सही? का? हो हो, नवराबायकोचा फॉर्म एकत्र, कळलं. म्हणजे हा कागद घेऊन मी तिच्या दारात जायचं — नवरा इथे राहत नाही, कर सही? मूर्ख आहेस का? ती सही नाही करणार म्हणतेस? अगं, करेल! चष्मा लावेल, वाचेल आणि सरळ करून टाकेल — मग मी काय करू, सांग?

खोड ती शेगडीची ओळ. खोड म्हणतो ना! एल्मा राहते तेच माझं घर, तेच लिही. सवलत गेली खड्ड्यात. हसतेस काय? बोलाव त्या चर्चवालीला, तिचा नंबर आला.