तिसाच्या पुढं

— एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट.
— लारी हुमनाबादच्या ढाब्यावर अडकलीय म्हणं.
— घंटा कुणी वाजवली रे?
— तूर यंदा बरी हाय.
— सुमन भीमराज. नक्कल. फॉर्म रद्द.

(वरचे आवाज मुडबीच्या शाळेतले, १९६८. सातवीच्या परीक्षेचे फॉर्म आज तालुक्याला जायचेत. हेडमास्तर गुरुशांतप्पा, सुमन आणि तिची आई भागाबाई.)

भागाबाई: नक्कल म्हंजे काय, मास्तर?

गुरुशांतप्पा: चोरी, अक्का. चाचणीत दुसऱ्याचं बघून लिहिलं. असल्या पोरीचा फॉर्म मी पाठवत न्हाई.

भागाबाई: कुणाचं बघून?

गुरुशांतप्पा: ते मला काय ठावं!

भागाबाई: बाकीच्यांनी काय लिहिलं?

गुरुशांतप्पा: बरोबर लिहिलं. दहा लाख एक ही मूळ संख्या. एकानं अन् स्वतःनं सोडून कशानंच भाग जात न्हाई.

भागाबाई: अन् हिनं?

गुरुशांतप्पा: भाग जातो म्हणून लिहिलं.

भागाबाई: चाळीस पोरांत हिचं एकटीचंच येगळं. मग बघितलं कुणाचं? भिंतीचं?

गुरुशांतप्पा: आवाज खाली! सव्वीस वर्षं शिकवायलोय मी. दोनापासून तिसापर्यंत पाढे लावायचे. कशातच बसली न्हाई, तर मूळ. निजामाच्या वक्ताला माझ्या मास्तरांनी हेच शिकवलं.

सुमन: तिसाच्या पुढं बी आकडे हायत, सर.

गुरुशांतप्पा: तिसाच्या पुढं पाढे न्हाईत!

सुमन: पाढे न्हाईत. आकडे हायत. एकतीस घेतला, सदतीस घेतला, तसंच जात गेले. एकशेएकानं भाग गेला.

गुरुशांतप्पा: तुमच्या आळीत पावकी-निमकीचे पाढे येत न्हाईत कुणाला, अन् ही निघाली एकशेएक घेऊन!

भागाबाई: आळी काढू नका. आकडा काय आळी बघून भाग देतो? बौद्ध हाव आम्ही. कुणाचं उष्टं खात न्हाई, उत्तर तर न्हाईच न्हाई.

गुरुशांतप्पा: जा, अक्का. मला काम हाय.

भागाबाई: जात न्हाई. सुमे, सांग त्यांना.

सुमन: पाटी घ्या, सर. भागाकार आला नऊ हजार नऊशे एक. शंभरदा?

गुरुशांतप्पा: ...नऊ लाख नव्वद हजार शंभर.

सुमन: आता अजून एकदा मिळवा. एकशेएकदा झालं.

भागाबाई: कामून थांबलात? मिळवा की.

गुरुशांतप्पा: दहा लाख... एक.

भागाबाई: ते लाल शाईचं ‘रद्द’ खोडा. माझ्यासमोर.

गुरुशांतप्पा: फॉर्म दे इकडं.

भागाबाई: सही दिसंल अशी करा.

गुरुशांतप्पा: केली. झालं समाधान? अजून काय?

सुमन: मागच्या साली तुम्ही दहा हजार एक दिलतं, सर. तवाच्या सातवीतल्या चंद्रभागानं त्र्याहत्तर लिहिलं. तुम्ही शाळेतनं नाव काढून टाकलं तिचं. त्र्याहत्तरानं भाग जातो.