ओव्हनचं दार

शिंपीणबाईंना दुकान उघडायची घाई होती, पण खाटकाकडच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या दोघी बहिणींचं बोलणं सुरू झालं आणि त्यांचे कान तिकडेच लागले.

“ताई, अप्पांचा तो खिम्याचा तिखट टेक्स-मेक्स मीटलोफ मला काही जमत नाही बाई.”

“खिम्यात पाव घातलास का?”

“छे! अप्पांसारखे मक्याचे चिप्सच चुरून घातले. मिरच्याही त्यांच्याच अंदाजाने.”

“म्हणजे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!”

“पाणी आलं गं. ती चव नाही आली.”

“ओव्हन कुठला?”

“नवा घेतलाय ना.”

“दार लागतं नीट?”

“न लागायला काय झालं?”

“आपल्या जुन्या ओव्हनचं कुठं लागायचं? मीटलोफ भाजून होईपर्यंत अप्पा दाराला पाठ लावून बसायचे. एरवी तो माणूस घरात कधी सापडायचा का?”

“आणि आपण दोघी त्यांच्या मांडीवर.”

“तू तर तिथेच झोपायचीस.”

“काल मीही बसले, ताई.”

“कुठे?”

“दाराला पाठ लावून. एकटीच.”

“वेडी गं वेडी! पाठ भाजली असती म्हणजे?”

“नव्या ओव्हनचं दार आहे ते. गारच लागतं.”