रंगाखालचा जोड

विनायक : थिनरची बाटली दे इकडे. आणि तो खरखरीत पॉलिश पेपर.

निखिल : बाबा, सोडा ना यार. अपघातातल्या गाडीचा पत्रा घासून काय मिळणारे? लोखंडच कच्चं होतं असं लिहून टाका रेसिंग क्लबला. तुम्ही कंपनीत वेल्डिंग तपासता, तुमची सही असली की पुढे कोणी विचारणार नाही. सुधाकरभाऊ पण सुटतील.

विनायक : सुधाकरची एवढी काळजी आहे, तर आठ दिवस तोंड का नाही उघडलंस? जयंतरावांनी थेट मानेसरला आमच्या कंपनीत फोन लावला. ‘तुमच्या वेल्डरने माझ्या अर्णवचा पाय मोडला.’ त्या बिचाऱ्याला कामावरून उठवून बसवून ठेवलंय. उद्या सोमवारी त्याच्या नोकरीचा निकाल. ठेकेदाराचा माणूस तो, त्याच्यासाठी कोण भांडणार?

निखिल : काकांना राग येणारच ना. गाडी अर्णव चालवत होता.

विनायक : आणि बनवली कोणी होती?

निखिल : आम्ही दोघांनी.

अलकनंदा : अहो, चहाचं पाणी झालं तुमच्या. बाप-लेक सकाळपासून त्या लोखंडाला चिकटून बसलेत. आणि ऐका, हॉस्पिटलमधून फोन होता. अर्णवच्या मांडीत सळई घातलीय. सहा महिने कुबड्या. त्याची आई नुसती रडत होती.

विनायक : इकडे ये जरा. हा पत्रा मागच्या चाकांच्या दांड्याला जोडलेला होता. असल्या शर्यतीत गाडी जागेवरून सुसाट सुटते ना, तेव्हा सगळा जोर इथे येतो. हा उपटला, मागची चाकं तिरकी झाली आणि गाडी दुभाजकावर.

अलकनंदा : मला काय कळतंय त्यातलं!

विनायक : हे कळेल. पत्रा कुठे फाटलाय का? नाही. जोड सोलून निघालाय, पोळीचा पापुद्रा सुटावा तसा. आतला जुना रंग जसाच्या तसा. खरवडलाच नाही कोणी. मशीनचा करंट कमी ठेवून वरून नुसतं थापलंय. लोखंड चांगलं होतं निखिल. जोड कच्चा होता.

निखिल : मग संपलंच. सुधाकरभाऊ गेले.

विनायक : थांब. आता वरचा रंगही निघाला. काय दिसतं इथे?

निखिल : काही नाही.

विनायक : बिल्कुल काही नाही. सतरा कुठाय?

अलकनंदा : सतरा काय?

विनायक : सुधाकरचा नंबर. आमच्याकडे प्रत्येक वेल्डर जोडाच्या शेजारी आपला नंबर ठोकतो. कोणाचं काम ते कळायला हवं ना. सुधाकर तर कुठेही ठोकतो. आपल्या गच्चीच्या जिन्यावर बघ, कुंडीच्या स्टँडवर बघ. मी ओरडलो, तर म्हणतो, साहेब, ठोकल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही.

निखिल : विसरले असतील.

विनायक : निखिल.

अलकनंदा : अरे, बाबा काय विचारतायत? बोल ना!

निखिल : त्यांनी पत्रा जागेवर राहावा म्हणून नुसते टाके मारले होते. चार. म्हणाले, रविवारी येऊन पक्कं करतो, तोवर गाडी हलवू नका. रेस शनिवारी होती. मग मीच... त्यांचं मशीन इथेच होतं. फुगवटे आले खूप. ग्राइंडरने सपाट केले आणि रंग मारला.

अलकनंदा : अरे देवा! आणि त्या गरिबाच्या नावावर ढकललंस?

निखिल : मी नाही ढकललं! बाबांनीच... शुक्रवारी बाबांनी जोडावरून बोट फिरवलं. म्हणाले, ‘वा! याला म्हणतात हात.’ आठवतं, बाबा? मी सांगणारच होतो, सच्ची. पण तुम्ही लगेच म्हणालात, ‘सुधाकरकडून शिक काहीतरी.’ मग कसं सांगू? माझ्या कुठल्या कामाला कधी वा म्हणालात तुम्ही? आणि मला वाटलं, तुम्ही पास केलंय म्हणजे चांगलंच झालं असणार.

विनायक : (हातातला पत्रा खाली ठेवून) रंगावरून बोट फिरवलं मी. कंपनीत रंगवलेला जोड कोणी समोर आणला, तर हाकलून देतो. आधी दाखवा, मग रंगवा. नव्या माणसांना पहिल्या दिवशी हेच सांगतो. बावीस वर्षं सांगतोय. आणि घरी... थकलो होतो रे. कंपनीच्या बसमधून नुकता उतरलो होतो. कधी एकदा आडवा होतो असं झालं होतं. तू इतक्या हौसेने टॉर्च धरून उभा होतास. म्हटलं, चला, बघून टाकू.

अलकनंदा : धन्य आहात दोघेही.

विनायक : पुढचं ऐक. सुधाकरला काल विचारलं मी, जोड तूच केलास का म्हणून. म्हणाला, ‘चूक झाली असेल, साहेब.’ याचं नाव नाही घेतलं. साहेबांचा मुलगा ना! आणि मीही मान हलवून निघून आलो. लाज वाटतेय मला.

निखिल : आता काय करायचं?

विनायक : मी लिहून देतो. जोड निखिलने केला, तपासला मी. क्लबला आणि कंपनीला, दोन्हीकडे. सही, शिक्का सगळं. पण जयंतरावांना कागद पाठवून चालणार नाही. फोन तू लाव.

निखिल : काका खाऊन टाकतील मला.

अलकनंदा : खाऊ देत. लाव.

निखिल : हॅलो, काका... निखिल. नाही, तुमच्याशीच बोलायचंय. काका, ते वेल्डिंग सुधाकरभाऊंनी नव्हतं केलं. मी केलं... हो. त्यांनी तर गाडी हलवू नका म्हणून सांगितलं होतं. नाही, अर्णवला माहीत नव्हतं... हो, काका. हो. बाबा इथेच आहेत... बरं.

अलकनंदा : काय म्हणाले?

निखिल : म्हणाले, उद्या सकाळी कंपनीत पहिला फोन करतो. पण अर्णवला ते सांगणार नाहीत. तू येऊन सांग म्हणाले. इंजेक्शन दिलंय, चारला उठेल तो.

अलकनंदा : मग जेवून निघा.

विनायक : जेवण राहू दे. चारच्या आत सुधाकरकडे जाऊन येऊ. चप्पल घाल रे.

निखिल : तुम्ही पण येताय? त्यांच्यासमोर काय बोलू मी, बाबा?

विनायक : तू तुझं सांग. मग मी माझं सांगतो.